पपईचं बी पेरताना आपण नेमकं काय पेरतो

"ताई, दोन वर्षं होत आले, नुसते फुलं येऊन राहिले झाडाला. पपई काही लागून नाही राहिली."

आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंनी मला सांदवाडीत नेऊन झाड दाखवलं. नागपूरच्या मानेवाड्यातल्या बऱ्याच घरांमागे असते तशी चार हातांची जागा, एका बाजूला धुण्याचा दगड, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत. झाड चांगलं दहा-बारा फूट वाढलेलं, पानं हिरवीगार. प्रत्येक पानाच्या बगलेतून हात-हातभर लांब देठ लोंबत होते आणि त्यांवर जाईच्या कळ्यांसारखी बारीक, सायीच्या रंगाची फुलं लागली होती. खाली फुलांचा सडा पडला होता. काकूंनी त्या झाडाला शेणखत घातलं होतं, ताक घातलं होतं आणि कुणीतरी सांगितलं म्हणून खोडात चार इंची खिळाही ठोकला होता.

झाडाला काहीच झालेलं नव्हतं. ते नर होतं.

हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटलं. दोन उन्हाळे त्यांनी बादलीने पाणी घालून ते झाड जगवलं होतं. बी पेरायच्या आधी पाच मिनिटं कुणी समजावून सांगितलं असतं, तर याच जागेत आज पपया लागल्या असत्या. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

संत्र्याचं वेगळं, पपईचं वेगळं

आपल्या नागपूरच्या माणसाला संत्र्याची सवय. संत्र्याचं झाड बागवान बी पेरून करत नाही. जंबेरी नावाच्या लिंबाच्या रोपावर चांगल्या संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे जे झाड आपण आवडलं म्हणून निवडलं त्याचाच तुकडा पुढे वाढतो. आईच्या फळात आणि लेकीच्या फळात फरक नसतो, कारण ती लेक नाहीच, आईच आहे.

पपई मात्र जवळजवळ सगळीकडे बियांपासूनच लावतात. आणि बी म्हणजे अपत्य. आपण खाल्ली ती पपई गोड होती, लाल गराची होती, हे खरं. पण तिच्यातल्या काळ्या बिया म्हणजे ती पपई नव्हे. त्या आई आणि बाप दोघांच्या मिळून झालेल्या, आणि बाप कोण हे फळ कापणाऱ्याला दिसत नाही. एका फळात शेकडो बिया असतात, त्या सगळ्या एकमेकांच्या सख्ख्या किंवा सावत्र भावंडं. भावंडं सारखी दिसतील, पण एक नसतील.

त्यात पपईत आणखी एक गुंता आहे. आंब्याच्या किंवा पेरूच्या झाडाला आपण नर-मादी विचारत नाही. पपईला विचारावं लागतं, कारण पपईची झाडं तीन प्रकारची असतात. मादी झाडाला फक्त मादी फुलं येतात आणि फळ लागतं, पण पराग बाहेरून यावे लागतात. नर झाडाला परागच असतात, फळ नाही. तिसरं उभयलिंगी, म्हणजे एकाच फुलात दोन्ही. त्याला स्वतःच्याच परागांनी फळ धरतं, दुसऱ्या कुणाची गरज नाही.

बी हातात घेऊन यातलं काही ओळखता येत नाही. काळं बी नर आणि भुरकं बी मादी, सोटमूळ सरळ गेलं की नर आणि फाटे फुटले की मादी, असं खूप ऐकायला मिळतं. त्यावर विसंबून रोपं उपटू नका. प्रयोगशाळेत पानाचा तुकडा तपासून रोपाचं लिंग कळतं, पण घरच्या माणसाला फूल येईपर्यंत थांबणं हाच मार्ग आहे.

दोन चिठ्ठ्यांचा हिशोब

हे नर-मादी कसं ठरतं, ते १९३८ साली हवाईमध्ये स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर या दोन शास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं. शास्त्राची भाषा बाजूला ठेवून मी ते चिठ्ठ्यांवर समजावते. आमच्या काकूंना असंच सांगितलं आणि त्यांना ते लगेच कळलं.

समजा, प्रत्येक झाडाजवळ दोन चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठ्या तीन प्रकारच्या: म, न आणि उ. झाडाजवळ म-म असेल तर ते मादी. म-न असेल तर नर. म-उ असेल तर उभयलिंगी. बी तयार होताना आई आपल्या दोनांतली एक चिठ्ठी देते आणि बाप आपल्या दोनांतली एक देतो. कुठली, ते नशिबावर.

आणि एक कडक नियम आहे. बियाजवळ निदान एक म असलीच पाहिजे. न आणि उ या चिठ्ठ्या जणू मधूनमधून फाटलेल्या आहेत, जगायला लागणारा काही मजकूर त्यांच्यात नाही. तो फक्त म मध्ये शाबूत आहे. म्हणून न-न, उ-उ किंवा न-उ असं झालं तर तो जीव पुढे वाढतच नाही.

आता मांडून बघा. आई मादी आणि बाप नर. आईकडे देण्यासारखी म सोडून दुसरी चिठ्ठीच नाही. बाप अर्ध्या वेळा म देईल, अर्ध्या वेळा न. म्हणजे निम्मी रोपं मादी, निम्मी नर. काकूंनी अशा बियांतलं एकच रोप ठेवलं होतं, सर्वांत उंच आणि ठणठणीत दिसणारं. नाणं उडवलं आणि छापा पडला नाही, एवढंच झालं.

आता उभयलिंगी झाड स्वतःच्याच परागांनी फळलं असं धरा. दोन्ही बाजूंनी म किंवा उ येणार. चार शक्यता: म-म, म-उ, उ-म आणि उ-उ. शेवटची मेली. उरल्या तीन, त्यात एक मादी आणि दोन उभयलिंगी. नर एकही नाही! ज्याला न मिळालीच नाही, तो नर होणार कुठून? आणि आई मादी, बाप उभयलिंगी असला तर निम्म्या मादी, निम्मे उभयलिंगी. तिथेही नर नाही.

माझ्या मते घरी पपई लावणाऱ्याला एवढं एक गणित कळलं तर अर्धं काम झालं. कारण यावरूनच ठरतं, बाजारातून कुठलं फळ आणायचं.

बियांसाठी फळ कसं निवडायचं

मादी झाडाचं फळ बहुधा गोलसर असतं, आत पोकळी मोठी, गराचा थर त्या मानाने पातळ. उभयलिंगी झाडाचं फळ लांबट असतं, दुधीसारखं किंवा नासपतीसारखं, पोकळी लहान आणि गर जाड. कॉटन मार्केटला किंवा गोकुळपेठेत गाडीवर आज जी लांबट, लाल गराची पपई दिसते, ती बरीचशी तैवान म्हणतात त्या जातीची किंवा तिच्यासारख्या जातींची असते. लांबट फळ म्हणजे आई उभयलिंगी. तिच्या शेतात नर झाडं ठेवलेली नसली, तर बियांत नर निघायचा नाही. म्हणून बियांसाठी घ्यायचीच असेल तर लांबट, झाडावर रंग धरलेली, पूर्ण पिकलेली पपई घ्या. कच्ची काढून पिकवलेल्या फळाचं बी कधीकधी कोवळं, पांढरट निघतं. ते उगवत नाही.

तैवानसारख्या संकरित जातीत एक खोट राहतेच. पहिल्या पिढीत दोन वेगळ्या जातींचे गुण जुळवून आणलेले असतात. तिच्या बियांतून दुसरी पिढी काढली की पत्ते पुन्हा पिसले जातात. एका झाडाचं फळ मोठं, दुसऱ्याचं फिकं, तिसरं उंचच उंच. घरच्या दोन-चार झाडांना हे चालतं. मी तर म्हणते, चालवून घ्यावं, त्यात मजा आहे. पण एकरभर लावणाऱ्याने असं करू नये, दरवेळी नवं बी घ्यावं.

विकतचं बी घेणार असाल तर पाकिटावरची जात बघा. वॉशिंग्टन, पुसा ड्वार्फ, पुसा नन्हा या जातींत नर आणि मादी वेगळे निघतात. पुसा डेलिशियस, पुसा मॅजेस्टी, को ३, को ७, रेड लेडी यांत मादी आणि उभयलिंगी निघतात. पुसा नन्हा ठेंगणी आहे, गॅमा किरणांनी बदल घडवून काढलेली. गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये लावायची असेल तर तिचा विचार करावा, पण मग नराची सोयही करावी लागेल.

बुळबुळीत पिशवीची गोष्ट

पपई कापली की चमच्याने बिया वाटीत काढा आणि जरा निरखून बघा. प्रत्येक बी एका पारदर्शक, बुळबुळीत पिशवीत असतं, भिजलेल्या सब्ज्यासारखं. अंगठा आणि बोट यांच्यात धरून दाबलं की पचकन फुटून आतून सुरकुतलेलं, खरखरीत, काळपट बी बाहेर येतं. ते बोटावर फिरवून बघा. गुळगुळीत वाटणारी गोष्ट आतून किती खडबडीत आहे, हे पहिल्यांदा कळतं.

ही पिशवी काढणं फार महत्त्वाचं आहे. तिच्यात उगवण रोखणारी रसायनं असतात. कारण सरळ आहे. पिकलेल्या फळाच्या पोटात ऊब आहे, ओल आहे, अंधार आहे, म्हणजे बी उगवायला जे जे लागतं ते सगळं. तिथेच कोंब फुटले तर सगळी पोरं आईच्या पोटातच गुदमरतील. म्हणून पिशवी त्यांना दम धरायला लावते. रानात पाखरं, वटवाघळं फळ खातात, पिशवी त्यांच्या पोटात विरते आणि बी दूर कुठेतरी पडतं. आपण पाखरू नाही, तर तेवढं काम आपल्याला हाताने करावं लागतं.

माझी पद्धत अशी. बिया पिठाच्या जुन्या चाळणीत घ्यायच्या, वर मूठभर राख टाकायची, राख नसेल तर बारीक रेती, आणि नळाखाली तळहाताने हलकेच चोळायच्या. पिशव्या फुटतात, राख त्यांचा चिकटपणा ओढून घेते. दोन-तीनदा धुवायचं. बी बोटाला बुळबुळीत लागतं आहे तोवर काम संपलेलं नाही. मग पाण्याच्या भांड्यात टाकायच्या. तळाशी बसल्या त्या भरीव, तरंगल्या त्या बहुधा पोकळ, त्या काढून टाका. ही परीक्षा ताज्या बियांचीच, बरं का. वाळलेली पपईची बी हलकी होऊन तरंगते. काळ्या मिऱ्यांत पपईच्या बियांची भेसळ करतात, ती पाण्यात टाकून ओळखतात ते याच गुणामुळे: मिरं बुडतं, पपईचं बी वर राहतं.

एका वर्षी मी मुद्दाम दोन ओळी केल्या होत्या. एकीत राखेने चोळलेल्या बिया, एकीत पिशवीसकट. धुतलेल्या बियांचे कोंब पंधराव्या दिवसापर्यंत वर आले. दुसऱ्या ओळीत पाचव्या आठवड्यात दोन-चार आले, बाकीच्या कुजल्या. तेव्हापासून मी सगळ्यांना बिया धुवायला सांगते, आणि जे कंटाळा करतात ते महिन्याने माझ्याकडे "बी खराब होतं" म्हणत येतात. बी खराब नसतं.

धुतलेल्या बिया वर्तमानपत्रावर पसरून सावलीत दोन दिवस सुकवा. उन्हात नको. लगेच पेरणार असाल तर सुकवायचीही गरज नाही. उघड्यावर ठेवलेल्या बियांची उगवण महिना-दीड महिन्यातच उतरायला लागते, म्हणून ठेवायच्याच असतील तर पूर्ण सुकवून घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा. सुकलेलं बी पेरण्याआधी एक दिवस कोमट पाण्यात भिजू द्यावं. नर्सरीवाले जिबरेलिक आम्लाच्या, म्हणजे उगवणीला चालना देणाऱ्या संजीवकाच्या पाण्यात भिजवतात, उगवण एकसारखी येते. घरी त्याच्यावाचून अडत नाही.

नागपुरात कधी पेरावं

पुस्तकांत पपई लावायचे तीन हंगाम दिलेले असतात: जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च. आपल्याकडचं हवामान बघता मी मधला हंगाम धरते. पावसाळ्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि कोवळं रोप बुडतं. फेब्रुवारीत पेरलं तर एप्रिलमध्ये वीतभर रोप जमिनीत जातं आणि समोर ४५ अंशांचा मे आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, उभे असतात. डिसेंबरात रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा बी नुसतं पडून राहतं. पपईला उगवायला २५ ते ३५ अंशांची ऊब आवडते.

म्हणून पोळ्याच्या आसपास बी पिशवीत, आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान, पाऊस परतला की रोप जमिनीत. थंडीत ते फार वाढत नाही, पण मुळं पकडतं आणि उन्हाळा येईपर्यंत त्याच्या अंगात ताकद आलेली असते.

माती मात्र मे महिन्यातच तयार करून ठेवावी. आपल्या उन्हाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि रेती सारख्या प्रमाणात मिसळा, ओलवा, गच्चीवर वीतभर थर करून पसरा आणि वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून कडा दाबून टाका. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच हवं, म्हणजे ऊन आत शिरतं आणि अडकतं. चार ते सहा आठवड्यांत त्या मातीतल्या बुरश्या आणि तणाचं बी बऱ्यापैकी मरून जातं. मग ती माती पोत्यात भरून कोरडी ठेवायची. जिवाणूखत, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वगैरे मिसळायचं ते पेरणीच्या आधी, तापवण्याच्या आधी नव्हे.

पिशवी वीतभर उंच घ्या, खाली भोकं पाडा. दुधाच्या रिकाम्या पिशव्याही चालतात. प्रत्येक पिशवीत तीन बिया, बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल. पपईचं मूळ छेडलेलं तिला खपत नाही, म्हणून ट्रेमध्ये दाट पेरून मग उपटून लावण्यापेक्षा सरळ पिशवीत पेरणं बरं.

दोन-तीन आठवड्यांत कोंब येतात, आणि खरा धोका तेव्हा सुरू होतो. सकाळी ताठ असलेलं रोप संध्याकाळी आडवं पडलेलं दिसतं. उचलून बघितलं तर मातीला लागून असलेला भाग पाणचट, दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो. याला रोप कोलमडणं म्हणतात. मातीतल्या बुरशीचं काम आहे, आणि त्या बुरशीला बोलावणं धाडतो आपण, रोज पाणी घालून. माती वरून सुकलेली दिसली तरच पाणी द्या, तेही सकाळी, म्हणजे रात्री गळ्याशी ओल राहणार नाही. पिशव्या एकमेकींना खेटून ठेवू नका. एक रोप पडलं तर त्याची पिशवी लगेच बाजूला काढा. पडलेलं रोप वाचत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका.

जमिनीत उतरवताना

पपईला आपण झाड म्हणतो, पण तिच्या खोडात आंब्या-सागवानासारखं लाकूड नसतं. ती झाडाएवढी वाढलेली मोठी वनस्पती आहे. सालीतले चिवट धागे आणि पेशींत भरलेलं पाणी यांच्या जोरावर ती उभी असते. त्यामुळेच ती वर्षभरात फळावर येते, आणि त्यामुळेच मुळाशी दोन दिवस पाणी साचलं तरी तिचा जीव जाऊ शकतो. मुळांना हवा लागते. काळी माती भिजली की फुगते, तिच्यातल्या फटी बुजतात, हवा संपते. मग मुळं आधी गुदमरतात आणि पाठोपाठ बुंधा कुजवणारी बुरशी येते.

माझं पहिलं झाड मी असंच घालवलं. खिडकीतल्या कूलरच्या निथळाची नळी जिथे सुटते, तिथेच रोप लावलं. वाटलं, उन्हाळाभर आपोआप पाणी मिळेल. मे महिन्यात झाड हिरवंगार होतं. जूनमध्ये खालची पानं पिवळी पडली, बुंध्याशी साल मऊ होऊन तिच्यातून पाणी सुटायला लागलं आणि एका रात्रीच्या वाऱ्यात ते आडवं झालं. चार-पाच मुठींएवढ्या पपया होत्या त्याला. कूलरचं पाणी उडून उडून त्यात क्षार साठतात, हेही मला नंतर कळलं. तुमच्याकडे कूलरखाली झाड असेल तर नळी आजच दुसरीकडे वळवा.

म्हणून खड्डा दीड-दोन फूट लांब-रुंद-खोल घ्या आणि काळ्या मातीचा असेल तर निघालेली माती सगळी परत भरू नका. निम्मी माती, बाकी मुरूम, रेती आणि शेणखत. खड्डा भरून वर वीतभर उंच ओटा करा आणि रोप त्या ओट्यावर लावा. पाण्याचं आळं खोडाला लागून नको. खोडाभोवती मातीची एक कडी करा, तिच्या बाहेर दुसरी, आणि पाणी दोन कड्यांच्या मधल्या चरात द्या. आतली कडी कोरडी राहिली पाहिजे. दोन ओट्यांत सहा फूट अंतर ठेवा.

आता चिठ्ठ्यांचा हिशोब इथे वापरायचा. एका ओट्यावर एकच रोप लावू नका. नर निघणाऱ्या जातीचं बी असेल तर वीत-वीतभर अंतरावर तीन लावा. प्रत्येक रोप नर असण्याची शक्यता दोनांत एक, तर तिन्ही नर असण्याची शक्यता आठांत एक. चार लावली तर सोळांत एक. लांबट फळाचं बी असेल तर नराची भीती कमी, पण एकटी मादी निघाली आणि आसपास पराग देणारं कुणी नसलं तर फुलं गळतात किंवा बिनबियांच्या छोट्या पपया धरतात. तीन रोपांत तिन्ही मादीच निघण्याची शक्यता सत्तावीसांत एक.

फूल आलं की

ऑक्टोबरात लावलेल्या रोपाला साधारण मार्च-एप्रिलमध्ये फुलं दिसू लागतात. लांब लोंबत्या, फाटे फुटलेल्या देठांवर घोळक्याने बारीक नळीसारखी फुलं असतील तर नर. त्यात ओळखायला काही अवघड नाही. फुलं खोडाला चिकटून, आखूड देठावर असतील तर मादी किंवा उभयलिंगी. मग एक कळी तोडून उभी चिरा. मादीची कळी बुडाशी फुगीर असते, पाकळ्या जवळजवळ मुळापर्यंत सुट्या, आत गोलसर छोटी पपई आणि तिच्या डोक्यावर झिरमिळ्यांचा तुरा. पिवळे पुंकेसर नाहीत. उभयलिंगी कळी सडपातळ, पाकळ्या खालच्या भागात जोडलेल्या, आत लांबट छोटी पपई आणि तिच्याभोवती पिवळे पुंकेसर. एकदा चिरून बघितलं की पुन्हा कधी विसरायला होत नाही.

एक झाड ठेवा, बाकीची जमिनीलगत कापा. उपटू नका, ठेवलेल्या झाडाची मुळं दुखावतात. नर-मादी जातींची बाग असेल तर दहा माद्यांमागे एक नर पुरतो.

आता नागपूरची खास अडचण. उभयलिंगी झाड तापमानाला फार हळवं असतं. कडक उन्हात त्याच्या फुलांतली छोटी पपई वाढतच नाही, आकसून सुईसारखी होते, आणि फूल नरासारखं वागून गळून जातं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हे सर्रास होतं. लोक घाबरतात, नर आहे समजून चांगलं झाड तोडून टाकतात. देठ बघा. देठ आखूड असेल तर झाड नर नाही. ओलावा टिकवा, बुंध्यापासून जरा लांब तुऱ्हाट्यांचं किंवा वाळक्या पानांचं आच्छादन घाला आणि पावसाची वाट बघा. जूनच्या शेवटी नवी फुलं धरतात. उलट कडक थंडीत त्याच झाडाचे पुंकेसर फळालाच चिकटतात आणि पपई वेडीवाकडी, खाचा पडलेली होते. तो रोग नव्हे, आणि ते फळ खायला चांगलंच असतं. मादी झाड मात्र उन्हाळा असो की हिवाळा, आपल्या जागी ठाम असतं.

काकूंच्या खिळ्याचंही यातच उत्तर आहे. नर झाडाला ऋतू बदलला की कधीकधी लोंबत्या देठावर थोडी उभयलिंगी फुलं येतात आणि तिथे छोट्या पपया लटकतात. ज्याने त्याच महिन्यात खिळा ठोकला, त्याला खिळ्याचा गुण वाटला. खिळ्याने चिठ्ठी बदलत नाही, खोडाला जखम मात्र होते आणि तिच्यातून कूज शिरते.

रोगांचं थोडक्यात. पानं आखडून, पिवळी-हिरवी चट्ट्यापट्ट्यांची झाली आणि फळांवर गोल कड्यांसारखे डाग दिसले, तर तो रिंगस्पॉट विषाणू. मावा तो पसरवतो. औषध नाही. झाड काढून टाकणं हाच शेजारच्या झाडांवर उपकार. भोपळा-काकडीच्या वेलांवरही तो राहतो, म्हणून पपईजवळ ते वेल नकोत. पांढरी माशी दुसरा एक विषाणू आणते, त्याने पानं खालच्या बाजूला वाटीसारखी वळतात. तिथेही झाड काढणंच. पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसला तर लवकर असताना साबणाच्या पाण्याने घासून धुता येतो.

पुढच्या वर्षीचं बी

घरचं उभयलिंगी झाड गोड निघालं, तर त्याचं बी नशिबावर सोडायची गरज नाही. पावसाळा सुरू झाल्यावर, उद्या-परवा उमलेल अशी एक टपोरी कळी निवडा आणि तिच्यावर बटर पेपरची छोटी पिशवी चढवून तोंड दोऱ्याने सैल बांधा. बाहेरचा पराग आत येत नाही, फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. आठवड्या-दहा दिवसांत पाकळ्या गळून सुपारीएवढी पपई दिसली की पिशवी काढा आणि त्या देठाला लाल सुतळी बांधा, म्हणजे घरातलं कुणी ते फळ भाजीसाठी तोडणार नाही. ती पपई झाडावरच पिवळी होऊ द्यावी. तिच्या बियांत म-म असेल किंवा म-उ असेल, न नसेल.

काकूंनी त्यांचं नर झाड दसऱ्याला काढलं. त्याच जागी मुरूम टाकून ओटा केला आणि माझ्याकडची तीन रोपं लावली. एप्रिलमध्ये तिघांच्याही कळ्या आम्ही दोघींनी धुण्याच्या दगडावर ठेवून ब्लेडने चिरल्या. दोन उभयलिंगी निघाली, एक मादी. एकच ठेवा म्हणून मी सांगितलं होतं, पण कापायला त्यांचा जीव झाला नाही. त्यांनी दोन ठेवली आणि मध्ये बांबू रोवून दोघींना त्याला बांधलं.